मसाईचा कातळ: मोहीम काढणाऱ्या कोल्हापूरकरांना खुलं पत्र

पन्हाळा ते पावनखिंड मोहीम काढणाऱ्या सगळ्या मंडळांना, तालमींना, गिर्यारोहण गटांना आणि रविवारी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फिरायला जाणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका. रंकाळ्याच्या बाजूला राहते. तुमच्यातल्या काही जणांनी माझ्याच वर्गात बसून दख्खनच्या पठाराचा नकाशा रंगवला असेल. हे पत्र मी वन खात्याला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लिहू शकले असते. तुम्हाला लिहिते आहे, कारण मसाईवर सगळ्यात जास्त पावलं तुमची पडतात, आणि जी पोरं सरकारी पाटीकडं ढुंकून बघत नाहीत ती तुमच्या मोहीमप्रमुखाचा शब्द मोडत नाहीत. हे मी स्वतः मोहिमेत चालताना बघितलं आहे.

गेल्या भाद्रपदात, गणपती गेल्यानंतरच्या रविवारी, आम्ही चौघी मसाईला गेलो. माझी भाची, सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या दोघी मैत्रिणी आणि मी. पहिली एसटी धरून वाघबीळमार्गे पन्हाळा, बाजीप्रभूंच्या पुतळ्याला नमस्कार, आणि राजदिंडीच्या वाटेनं खाली. तुरुकवाडी मागं पडली, म्हाळुंग्यात चहा झाला, आणि मग चढ. पिशवीत भाकरी, खर्डा, दही आणि कांदे. एवढाच बेत होता. संध्याकाळी घरी.

चढताना भाचीला मी फक्त एवढंच सांगितलं, की पायाखालचा दगड बघत चल. खालच्या अंगाला काळा दगड लागतो. घट्ट, जड, आपल्या पाट्या-वरवंट्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, पुन्हा वाहिला. त्या थरांवर थर म्हणजे आपला सह्याद्री. पण कड्याच्या अगदी माथ्याजवळ आलात की रंग बदलतो. काळा संपतो आणि तांबडा सुरू होतो. ही किनार बघण्यासारखी आहे. पुढं झुकलेली, भोकाभोकांची, एखाद्या जुन्या मधाच्या पोळ्यासारखी. भोकांतून नेचे बाहेर आलेले, खालच्या कपारीतून पाणी ठिबकतंय, आणि वर सगळं इतकं सपाट की कुणी रंधा मारल्यासारखं. भाची पाच मिनिटं तिथंच थांबली. तिनं फोन काढला नाही, हात लावून बघितला. मला बरं वाटलं.

हा जांभा. याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

जांभा बाहेरून येऊन काळ्या दगडावर बसलेला नाही. तो त्या काळ्या दगडाचाच झालेला आहे. चार महिने धो-धो पाऊस, मग आठ महिने ऊन, असं लाखो वर्षं चाललं. पावसानं दगडातली सिलिका विरघळवून नेली, चुना नेला. मागं राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजलं, म्हणून हा रंग. विरघळलेल्या भागाच्या जागी पोकळ्या उरल्या, म्हणून ही भोकं. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज अमदानीतल्या वैद्यानं केरळात अंगाडीपुरमजवळ लोक हा दगड कापताना बघितले आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. आपल्या गवंड्यांना ते आधीपासून माहीत होतं: जमिनीतून काढताना जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. कोकणातली अर्धी घरं या चिऱ्यांची आहेत. अंगाडीपुरमच्या त्या जागेला आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान आहे. तसाच दगड आपल्या उशाशी मैलोन्मैल पसरला आहे.

मसाईच्या कडेला उभं राहून पन्हाळ्याकडं आणि जोतिबाच्या डोंगराकडं बघा. माथे साधारण एका पातळीत दिसतात. एका बाजूला कासारीचं खोरं, दुसऱ्या बाजूला वारणेचं. जमीन मूळची वर होती, आणि नद्यांनी मधला भाग कोरून नेला. कठीण जांभ्याची टोपी ज्याच्या डोक्यावर राहिली तो डोंगर सपाट माथ्याचा राहिला. वर्गात फळ्यावर मी हे शंभर वेळा काढलं असेल. तिथं उभं राहिलं की फळ्याची गरज पडत नाही.

आता त्या दिवशी जे झालं ते.

आम्ही देवीच्या देवळाकडं निघालो होतो. धुकं आत-बाहेर करत होतं. पठारावर जिथं जांभ्याला खोलगट भाग आहे तिथं पावसाचं पाणी साचतं, वीतभर सुद्धा खोल नसतं, आणि त्याच्या कडेनं भाद्रपदात जो गालिचा उगवतो त्यासाठी लोक साताऱ्याला कासला जातात. आमच्यासमोर गेंदाचे पांढरे गोल होते, सीतेची आसवं होती, निळसर जांभळी, नखाएवढी. दगडाच्या फटीत दवबिंदू चिकट थेंब मिरवत उभी होती. सीतेची आसवं आणि दवबिंदू, या दोन्ही वनस्पती कीटक खातात, कारण या मातीत त्यांना पोटापुरतं नत्र मिळत नाही. माती म्हणजे तरी किती? बोट बुडेल एवढी. कुठं तेवढीही नाही. मैत्रीण गुडघ्यावर बसून बघत होती, आणि धुक्यातून इंजिनाचा आवाज आला.

दोन जीप होत्या, मोठ्या टायरच्या. मागून पाच-सहा मोटरसायकली. त्यांना पाणी साचलेली ती जागाच हवी होती. गाड्या पाण्यात घालून गोल-गोल फिरवायच्या, चिखल उडवायचा, एकानं बाहेर उभं राहून चित्रीकरण करायचं. तीन फेऱ्यांत ते डबकं तांबड्या रबडीसारखं झालं. मी जाऊन बोलले. पोरं उद्धट नव्हती, हे मुद्दाम सांगते. एक जण म्हणाला, "काकू, इथं काय हाय? नुसतं मोकळं रान हाय की." आणि त्याला ते खरंच तसं वाटत होतं. त्याच्या टीशर्टवर मागं मोहिमेचं साल छापलेलं होतं. कुठल्या मंडळाचा ते मी वाचलं, पण इथं लिहिणार नाही. तो कुठल्याही मंडळाचा असू शकला असता.

त्या "काय हाय" चं उत्तर मी त्याला तिथं नीट देऊ शकले नाही. घसा भरून आला होता. ते उत्तर आता देते.

टायरनं दबलेली बोटभर माती पुन्हा भुसभुशीत व्हायला अनेक पावसाळे लागतात. चाकोरी पडली की पाणी पसरायचं सोडून त्या चाकोरीनं धावतं आणि उरलीसुरली माती कड्यावरून खाली नेतं. बी त्या मातीतच असतं. पुढच्या वर्षी तिथं गेंद उगवत नाही, नुसता उघडा कातळ राहतो, आणि मग येणाऱ्या पोराला ते आणखी मोकळं रान वाटतं.

आणि पाणी. म्हाळुंग्याच्या वरच्या अंगाला एक आजोबा म्हशी घेऊन बसले होते. उतरताना त्यांच्याशी बोलत बसलो, उरलेली भाकरी त्यांच्याबरोबर खाल्ली. ते म्हणाले, "उन्हाळ्यात वर जावा, पाय भाजतो. पण खालचा झरा काय आटत न्हाई. आमच्या आज्यापास्नं तसाच हाय." हे कसं होतं ते भूगोलात सांगता येतं. भोकांचा जांभा पावसाचं पाणी स्पंजासारखा पितो. त्याच्या तळाशी, काळ्या दगडाच्या वर, चिकण मातीसारखा थर असतो. पाणी तिथं अडतं आणि कडेकडेनं वाट काढत कपारीतून बाहेर पडतं, हळूहळू, पुढचे कितीतरी महिने. पठाराच्या खालच्या वाड्या-वस्त्या बघा, त्या अशा झऱ्यांच्या आसऱ्यानंच बसल्या आहेत. त्यातलं पाणी ओढ्याला, ओढा कासारीला, कासारी पंचगंगेला. तुम्ही ज्या नदीच्या घाटावर पोहायला शिकलात ती नदी वरून अशी येते. मसाई म्हणजे आपली टाकी आहे, आणि तिचं झाकण त्या बोटभर मातीचं आणि गवताचं आहे.

राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या अशाच माथ्यांवर बॉक्साइटसाठी खाणी झाल्या आहेत, कारण जांभ्यात मागं उरलेलं ॲल्युमिनियम तिथं भरपूर आहे. तिथले काही डोंगर मी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बघितले आहेत. मसाईला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला याचा म्हणूनच मला फार आनंद झाला होता. पण कागदावरचा दर्जा जीप अडवायला पठारावर येत नाही.

तुमच्या मोहिमेबद्दल मला मनापासून आदर आहे. मी चार वेळा चालले आहे, दोनदा शाळेच्या मुलींना घेऊन. कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी, ही नावं मला देवाच्या नावांसारखी पाठ आहेत. आषाढाच्या पावसात, चिखलात, जळवा काढत चालणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं बघितली की या गावाबद्दल ऊर भरून येतो. म्हणूनच एक विचार तुमच्यापुढं ठेवते. तो इतिहासकारांचा नाही, एका भूगोलाच्या शिक्षिकेचा आहे.

12 जुलै 1660 ची रात्र. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडलेला. महाराज पालखीतून पन्हाळ्याबाहेर पडले, बरोबर बाजीप्रभू आणि बांदल मावळे. शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून मरणाकडं गेले. पुढं ही माणसं मसाईवरून गेली. जुलै महिना आहे हे लक्षात घ्या. खाली खोऱ्यात भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, ओढे फुगलेले, बांधावरची माती पाय गिळणारी. पालखी खांद्यावर घेऊन तिथून पळता येईल का? आणि वर काही मैल सपाट, कठीण जांभा, ज्यावर पाऊस कितीही पडला तरी पाऊल रुतत नाही. मला तर वाटतं, त्या रात्री भोयांच्या पायांना सगळ्यात मोठी साथ या दगडानं दिली. कमरेला दोरी बांधून चालणाऱ्या माझ्या मुलींना मी हे मसाईवरच सांगितलं होतं. त्यांनी वाकून त्या कातळाला हात लावून तो कपाळाला लावला. मी सांगितलं नव्हतं तसं करायला.

त्या कातळावर आपण टायरनं गोल फिरतो.

म्हणून विनंती. गाड्या म्हाळुंग्यातच ठेवा, मोहिमेच्या दिवशी सुद्धा, जेवणाचं सामान नेणारी गाडी सुद्धा. मला माहीत आहे, हजार माणसांचा स्वयंपाक डोक्यावरून नेता येत नाही. मग पठारावर स्वयंपाक नकोच. चुलीच्या आचेनं जांभ्याचा पापुद्रा तडकतो, दगडावरचं शेवाळ आणि दगडफूल जळतं, आणि तो काळा डाग पुढची कितीतरी वर्षं तिथंच असतो. भाकरी घरून न्या, किंवा खालच्या वाडीतल्या बायकांना आधी सांगून ठेवा. त्यांच्या हाताला काम मिळेल आणि तुम्हाला गरम पिठलं मिळेल. कासला फुलांच्या दिवसांत गाड्या लांब थांबवतात आणि लोक निमूट चालत जातात. आपण तर चालण्यासाठीच निघालेलो असतो.

पठारावर गेल्यावर मळलेल्या वाटेनं, एकामागं एक चाला. आडवी फळी करून घोषणा देत जायला जोश येतो, मी पण दिल्या आहेत. पण हजार माणसं आडवी चालली की दोन हजार पाय ओल्या मातीवर पडतात, आणि जुलै हा नेमका बी रुजायचा महिना. घोषणा रांगेतूनही देता येतात. स्पीकर मात्र नको. वर वारा आणि टिटवी एवढंच ऐकू येतं, ते ऐकायला मिळणारी पोरं शहरात किती राहिली आहेत?

दगड उचलू नका, उलटे करू नका, एकावर एक रचून मनोरे करू नका. हे फोटोचं खूळ अलीकडं फार वाढलं आहे. अशा पठारांवर सुट्या दगडाखाली एक वेगळंच गाव असतं: पाली, विंचू, देवगांडूळ, फुरसं. उन्हात तापलेल्या उघड्या कातळावर तेवढीच एक सावलीची, ओलाव्याची जागा. दगड हलला की ते घर मोडलं. फुरशाच्या बाबतीत दगडाखाली हात घालणाऱ्याचंही काही खरं नाही.

या एका गोष्टीत मी स्वतः दोषी आहे. पहिल्या दोन मोहिमांत मुलींना शिकवायचं म्हणून मी दगड उलटे करायला लावले, पुन्हा नीट ठेवलेत का ते बघितलं नाही. आणि वर्गात दाखवायला जांभ्याचा एक चांगला मोठा तुकडा पिशवीत घालून आणला. तेव्हा माझ्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. शिकवणारीलाच कळत नव्हतं, तर त्या जीपवाल्या पोराला कुणी सांगितलं नसेल यात नवल नाही.

म्हणून माझं खरं मागणं हेच आहे, की तुम्ही सांगा. मोहिमेत ठिकठिकाणी थांबून इतिहास सांगितला जातो. वेढा, पालखी, खिंड, सगळ्या पोरांना तोंडपाठ आहे. मसाईच्या कडेला, जिथं काळा दगड संपून तांबडा सुरू होतो, तिथं दहा मिनिटं थांबा आणि दगडाबद्दल सांगा. तो कसा झाला, पाणी कुठं जातं, ही फुलं माशी का खातात. आपल्याच पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला काळ्या दगडाचे बहुकोनी खांब आहेत, लाव्हा थंड होताना आकसून, तडकून तसे झालेले. तेही सांगा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडी म्हणून तसलेच खांब आहेत, आणि चहूबाजूंनी इमारतींनी वेढले गेले आहेत. आपल्याकडं अजून वेळ आहे.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात आपला पन्हाळा आहे. पेढे वाटले आपण. आता बाहेरून माणसं येणार, आणि पन्हाळा बघून झाला की विचारणार, जवळ आणखी काय आहे? रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे मसाईकडं बोट दाखवतील. ती माणसं तिथं कशी वागतील ते तुमची पोरं तिथं कशी वागतात यावर ठरेल. पठारावर एक जीप दिसली की दुसऱ्याला वाटतं, चालतंय इथं.

ज्यांच्या पायांना चढ झेपत नाही त्यांचं काय, असं माझी मैत्रीण विचारते. तिचे गुडघे गेलेत, माझेही फार धड नाहीत. त्या दिवशी आम्ही दोघी दर शंभर पावलांवर थांबत गेलो. देवीच्या दर्शनाला जाणारी म्हातारी माणसं, गावातली आजारी माणसं, यांच्यासाठी देवळापर्यंतच्या ठरलेल्या रस्त्यानं गाडी जाऊ दे, त्याला कोण नको म्हणेल? रस्ता सोडून कातळावर उतरायचं नाही, एवढंच.

मोहिमेच्या बैठका दर वर्षी जूनमध्ये सुरू होतात. तुमच्या बैठकीत मला दहा मिनिटं द्या, मी कुठल्याही पेठेत, कुठल्याही तालमीत येईन. रात्री उशीर झाला तरी चालेल. येताना तो जांभ्याचा तुकडा घेऊन येईन. इतकी वर्षं तो माझ्या कपाटात वह्यांशेजारी आहे, अजून हात लावला की बोटाला तांबडं लागतं. पोरांच्या हातात देईन, भोकं बघू दे, पाणी ओतून ते कसं मुरतं ते बघू दे. सगळ्या बैठका झाल्या की जुलैमध्ये तुमच्याबरोबर म्हाळुंग्यापर्यंत चालत येणार आहे. गुडघ्यांनी साथ दिली तर मीच वर नेऊन ठेवीन तो, नाहीतर तुमच्यातल्या एखाद्या मुलीच्या हाती देईन. जागा मला आठवते. देवळाच्या अलीकडं, पाणी साचतं त्या खोलगट भागाच्या उगवतीच्या कडेला.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
कोल्हापूर